वर कोण आहे ते पाहिले जाणार नाही

खटपटने पहिला धंदा काढला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. सकाळी दार वाजवून लोकांना उठवायचं, असा धंदा होता. गल्लीत चार ग्राहक मिळाले. पहिल्याच दिवशी ती स्वतः उठली नाही. चौघांचीही कामं बुडाली. त्यातला एक शाळेचा शिपाई होता, त्यामुळे शाळा पाऊण तास उशिरा उघडली. मुलं खूश झाली. तरुण पिढीसाठी आपण केलेलं हे पहिलं काम, असं ती पुढे भाषणांत सांगायची.

तिला खरं नाव होतं. ते शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. खटपट हे नाव आत्याने ठेवलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती त्यांच्याकडेच राहायची आणि खिडकीजवळच्या खुर्चीतून साऱ्या घरावर देखरेख ठेवायची. आई कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना काजं करायची. घरी आल्यावर ती फारसं बोलायची नाही. आत्या दोघींचं बोलून घ्यायची.

खटपटचा दुसरा धंदा माफी मागण्याचा होता. ज्यांना स्वतः जाऊन माफी मागायची लाज वाटते त्यांच्या वतीने ही जाणार. गेली की समोरच्याची सगळी हकीकत ऐकून घ्यायची. ऐकता ऐकता तिला समोरच्याचंच पटायचं. मग परत येऊन ती आपल्या ग्राहकाला झापायची. दोन महिन्यांत तीन जुनी भांडणं नव्याने पेटली आणि एक नवीन सुरू झालं. तिसरा धंदा गावाला गेलेल्यांच्या कुंड्यांना पाणी घालण्याचा होता. त्याबद्दल ती बोलत नाही. झाडांनी तिच्या उत्साहापुढे मान टाकली, एवढंच कळतं.

आत्या म्हणायची, या पोरीच्या अंगात सात माणसांचं बळ आहे आणि एकाचीही अक्कल नाही.

चौथा धंदा मात्र चालला. तो घरातच उभा होता, भिंतीला टेकून.

बाबा रंगारी होते. तीस वर्षं त्यांनी लोकांची घरं रंगवली. मग गुडघे गेले. तिसऱ्या पायरीच्या वर चढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तिसऱ्या पायरीवरून घर रंगवता येत नाही. बाबांनी काम सोडलं, पण शिड्या सोडल्या नाहीत. अकरा शिड्या होत्या. बांबूच्या, लाकडाच्या, दोन घडीच्या, एक इतकी उंच की तिचं शेंडीकडचं टोक मागच्या दारातून बाहेर डोकवायचं. सगळ्या पॅसेजमध्ये. आत्या सात वर्षं त्या पॅसेजमधून आडवी चालत होती. बाबा रोज सकाळी फडकं घेऊन एकेक शिडी पुसायचे. पुसून झालं की दिवसभर त्यांना काम नसायचं.

एकदा शेजारणीने पंखा पुसायला शिडी मागितली. मग तिच्या बहिणीने मागितली. मग बहिणीच्या घरमालकाने. खटपट हे पाहत होती. माणसाला वर्षातून दोन दिवस शिडी लागते, आणि उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस ती ठेवायला जागा लागते, असं तिच्या लक्षात आलं. धंद्याचा सगळा आराखडा एवढाच होता. तिने शिड्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. कंपनीचं नाव ठेवलं ‘वरपर्यंत’. बाबांना हातगाडी घेऊन दिली. शिडी पोचवायची, आणायची. चढायचं नाही.

बाबा पहिल्या दिवशी धुतलेला शर्ट घालून निघाले. आत्या खिडकीतून म्हणाली, मुलगी मालक, बाप हमाल, एवढंच बघायचं राहिलं होतं. बाबांनी ऐकलं आणि गाडीच्या चाकाला तेल घातलं.

लोक शिडी नेतात, पण आणून देत नाहीत, हे पहिल्या वर्षात कळलं. एकाने तिच्यावर एकोणीस दिवस कपडे वाळत घातले. एका बाईने वेल चढवला. बाबा आणायला गेले तर वेलाला फुलं आलेली. ते हात हलवत परत आले आणि म्हणाले, बहर ओसरू दे. बाकीच्यांचं कारण एकच असायचं. आत्ता नको, वर माणूस आहे. कधीही जा, वर माणूस असायचाच. एका घरी तर बाबा तिसऱ्यांदा गेले तेव्हा तोच माणूस त्याच पायरीवर बसून वर्तमानपत्र वाचत होता.

तेव्हा खटपटने पावतीच्या मागे नियम छापला. वेळ संपली की शिडी परत. वर कोण आहे ते पाहिले जाणार नाही.

धंदा रुळावर आला.

याच सुमारास नगर कार्यालयातून पत्र आलं. युवक सल्लागार समितीवर तिची नेमणूक झाली होती. समितीत नऊ जण होते. पंचवीस वर्षांखालचा एक सदस्य असलाच पाहिजे असा नियम होता. ती जागा भरलेली आहे असा सहा वर्षं सगळ्यांचा समज होता. मग त्या सदस्याच्या मुलीच्या बारशाचे पेढे आले, कोणीतरी हिशेब केला, आणि तो एकतीसचा निघाला.

खटपटला हे पद हवंच होतं. कारण तिच्यासारखे आणखी पाच जण होते आणि त्या सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. धंद्याच्या परवान्याच्या अर्जावर एक रकाना होता, व्यवसायाची जागा. जागा कोणाकडेच नव्हती. बुकबाइंडर आपल्या पलंगावर पुस्तकं चिकटवायचा. खळ वाळेपर्यंत पलंग मोकळा नसायचा, म्हणून तो पलंगाखाली झोपायचा. फोनवाली इमारतीच्या जिन्यात बसून फोन दुरुस्त करायची. कोणी वर आलं की सगळे स्क्रू ओंजळीत घेऊन उभी राहायची. केकवालीचा ओव्हन घरातच होता. वरच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली होती की वासाने अभ्यासात लक्ष लागत नाही.  

जागा गावात होती. जुन्या पाणी कार्यालयाचा वरचा मजला. एक लांबट खोली, चार खिडक्या, भरपूर उजेड. खाली गोदाम होतं, वर काहीच नव्हतं. खोली तरुणांच्या धंद्यांना द्या, सहा टेबलं मावतील, असा अर्ज खटपटने पहिल्याच बैठकीत दिला. तिने पाचही जणांना सांगून टाकलं, झालंच समजा. तो विषय क्रमांक नऊ ठरला.

समितीच्या बैठकीला आठ विषय झेपायचे. नववा कधी यायचाच नाही. कोरम पाच जणांचा, आणि येणारेही पाचच. अध्यक्ष, दातांचे डॉक्टर, छापखानेवाले, निवृत्त मुख्याध्यापिका आणि खटपट. सातव्या विषयाला चहा यायचा. आठवा संपत आला की छापखानेवाले उठायचे. त्यांचं म्हणणं असं, की फार वेळ मालक दिसला नाही की मशीन बिघडतं. ते गेले की कोरम मोडला. अध्यक्ष म्हणायचे, नऊ नंबर पुढच्या वेळी.

अध्यक्ष एकाहत्तर वर्षांचे होते. वय मनात असतं, या वाक्याने ते प्रत्येक बैठक सुरू करायचे. कानात यंत्र होतं. सेल वाचवायला ते यंत्र बंद ठेवायचे आणि चहाच्या वेळी मान डोलवायचे.

नववा विषय पहिला घ्या, असं खटपटने सुचवलं. इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकूनबाईंनी नियमांचं पुस्तक उघडून सांगितलं, की क्रम बदलायचा तर तसा ठराव हवा, आणि तो दहावा विषय होईल.

असे चौदा महिने गेले. पालथ्या घड्यावर पाणी. पाचही जण तिला भेटले की विचारायचे, झालं का. ती म्हणायची, होतंय. बुकबाइंडरने तर पलंगाखाली उशी नेऊन ठेवली. केकवालीला नोटीस आली, या महिन्याच्या अखेरीपर्यंत परवाना आणा, नाहीतर बंद करा.

मग कारकूनबाईंनीच एक वाट दाखवली. त्या स्वभावाने कडक होत्या, पण केकवालीचा केक त्यांनी खाल्ला होता. न पाहिलेल्या जागेवर समिती ठराव करू शकत नाही, असं त्यांनी पुस्तकातून वाचून दाखवलं. म्हणजे स्थळपाहणी हवी. आणि स्थळपाहणीच्या जागी पूर्ण बैठक घेता येते.

अडचण एकच होती. वरच्या मजल्याला जिना नव्हता. लाकडी जिना वाळवीने खाल्ला म्हणून तीन वर्षांपूर्वी काढला होता. नव्या जिन्याची फाइल होती, पण ती वरच्या मजल्यावर राहिली होती.

शिडीची कंपनी कोणाची आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे अध्यक्षांकडे बघू लागले. अध्यक्षांनी त्या दिवशी नुकतंच म्हटलं होतं, वय मनात असतं. आता त्यांना शिडी चढायला नाही म्हणता येईना. छापखानेवाल्यांनी गुडघ्याचा विषय काढून पाहिला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मी चढणार आहे, आणि मी तुम्हाला शिकवलंय. विषय संपला.

बैठक महिन्याच्या अखेरच्या दोन दिवस आधी ठरली.

बैठकीच्या दहा दिवस आधी घरात एक प्रसंग झाला. दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्याची पाटी लावायला शिडी नेली होती. वेळ संपली तेव्हा बाबा गेले. डॉक्टर वर होते. त्यांनी गयावया करून अर्धा तास मागितला. बाबा विरघळले. शिडी चार दिवसांनी आली. तोवर तीन ग्राहक परत गेले. खटपटने जेवताना बाबांना ऐकवलं. नियम कशाला छापलाय, लोकांची तोंडं बघत बसलो तर कंपनी बंद करावी लागेल, वगैरे. आत्याही गप्प झाली, म्हणजे बघा.

बाबा खाली मान घालून जेवले. हात धुवून आले आणि दारात उभे राहिले.

“म्हणजे वर कोणीही असलं तरी?”

“कोणीही असलं तरी, बाबा. मी असले तरी.”

“बरं,” बाबा म्हणाले.

बैठकीच्या दिवशी शिडी कार्यालयाने रीतसर भाड्याने घेतली. सदस्याकडून फुकट काही घेणं नियमात बसत नाही, असं कारकूनबाईंनी सांगितलं होतं. पावती त्यांनी भरली. तीन ते पाच. खटपटने सही केली. पावतीच्या मागे काय आहे ते तिने वाचलं नाही. स्वतः लिहिलेलं कोण वाचतं.

बाबांनी शिडी पश्चिमेच्या खिडकीला लावली, खालचे पाय नीट रोवले, आणि गाडी घेऊन पुढच्या कामाला गेले.

चढायला सव्वा तास लागला. मुख्याध्यापिका चार मिनिटांत वर गेल्या. वही काखेत धरून कारकूनबाईही गेल्या. डॉक्टर डोळे मिटून चढले. छापखानेवाले दोनदा खाली आले, एकदा चष्मा राहिला म्हणून आणि एकदा विनाकारण. अध्यक्षांनी बावीस मिनिटं घेतली. प्रत्येक पायरीवर थांबून ते आपल्या तरुणपणीची एकेक गोष्ट सांगत होते. पायऱ्या सतरा होत्या. खाली बुकबाइंडर, फोनवाली, केकवाली आणि उरलेले दोघं शिडी धरून उभे होते. त्यांनी सतराच्या सतरा गोष्टी ऐकल्या.

खोली छान होती. जमिनीवर धूळ, भिंतीवर पाण्याच्या नळांचा जुना नकाशा, कोपऱ्यात तीन बाकं आणि एक बादली. जिन्याची फाइल एका बाकावर होती. अध्यक्षांनी ती उघडली आणि बंद केली. त्यांनी यंत्र बंद केलं, आणि बैठक सुरू झाली.

आठवा विषय पाच वाजायला तीन मिनिटं असताना संपला. खटपट उभी राहिली. तिच्या हातात कागद होता. त्याच वेळी छापखानेवालेही उभे राहिले. मशीन, ते म्हणाले. अध्यक्षांनी सवयीने मान डोलवली. नऊ नंबर पुढच्या वेळी.

पुढच्या वेळी म्हणजे पुढच्या महिन्यात. तेव्हा केकवालीचा ओव्हन बंद झालेला असणार. खटपटने खिडकीतून खाली पाहिलं. पाच चेहरे वर बघत होते. तिच्याकडे चौदा महिन्यांची भाषणं होती. त्यातलं एकही तोंडून फुटेना.

छापखानेवाल्यांनी धोतरासारखी पॅंट वर खोचली, खिडकीच्या कठड्यावर बसले आणि एक पाय बाहेर टाकला. पाय हवेत फिरला. त्यांनी तो आणखी फिरवला.

शिडी नव्हती.

खाली बाबा गाडीवर शिडी बांधत होते. घड्याळात बरोबर पाच वाजले होते. सगळे खिडकीत जमले. हाका मारल्या. डॉक्टरांनी सर्वात मोठ्याने मारल्या. बाबांनी वर पाहिलं नाही. गाठ मारली, ओढून पाहिली, आणि गाडी ढकलत निघाले. खालच्या पाच जणांनी त्यांना अडवायला हवं होतं. पण ते पाचही जण वरपर्यंतचे ग्राहक होते. नियम त्यांना पाठ होता.

डॉक्टर म्हणाले, हा माणूस इतका निर्दय कधी झाला.  खटपटने फक्त त्यांच्याकडे पाहिलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

तिने फोन लावला. वाजत राहिला. गाडी ढकलताना फोन घ्यायचा नाही, हाही तिचाच नियम होता. बाकीच्या दहा शिड्या बाहेर होत्या. अग्निशमन दलाला बोलवा, असं छापखानेवाले म्हणाले. ते अध्यक्षांना खुणांनी समजावलं गेलं. अध्यक्ष दचकले. युवक समितीची शिडीवरून सुटका, हे उद्या वर्तमानपत्रात आलं तर, असं त्यांनी विचारलं. ते वर्तमानपत्र छापखानेवालेच छापायचे. त्यांनीही विचार बदलला.

पावणेसहाला बाबांचा फोन आला. खटपटने स्पीकर चालू केला.

“बाबा, आम्ही वर आहोत. शिडी आणा.”

“शिडी साडेपाच ते सातची दिली. गिऱ्हाईक दिवा बदलतोय. मधेच कशी काढू?”

“बाबा, अहो, मी आहे वर. मी.”



“तूच म्हणालीस,” बाबा म्हणाले. “मी असले तरी.”

मुख्याध्यापिकांनी रुमाल तोंडाला लावला. त्या हसत होत्या की खोकत होत्या, ते कारकूनबाईंना लिहिता आलं नाही.

सातपर्यंत आता कोणीच कुठे जाणार नव्हतं. छापखानेवाल्यांनी मशीनसाठी दोन सुस्कारे सोडले. मग बुकबाइंडर दोरी घेऊन आला. वरून बादली सोडली. पहिल्या फेरीत पाणी आलं, दुसऱ्या फेरीत केक. तो उद्याच्या कोणाच्या तरी वाढदिवसाचा होता. त्यावर नाव होतं, ते डॉक्टरांनी आधी खाऊन टाकलं, म्हणजे पुरावा राहायला नको. नंतर त्यांनी सगळ्यांना गोड खाल्ल्यावर चूळ भरायला लावली.

अध्यक्ष कानाचं यंत्र हलवून पाहत होते. गोंधळ काय चाललाय ते कळावं म्हणून त्यांनी ते चालू करून पाहिलं, पण ते चालूच होईना. खटपटने ते रुमालात गुंडाळून बादलीतून खाली सोडलं. फोनवाली रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसली. पंधरा मिनिटांनी बादली वर आली. आत यंत्र, आणि आतला मळ एका कागदाच्या पुडीत वेगळा. सेलला काही झालेलं नाही, पुन्हा यंत्र बंद ठेवू नका, असा निरोप होता.

अध्यक्षांनी यंत्र कानात घातलं आणि कळवळले.

“तुम्ही सगळे एवढे ओरडता कशाला?”

कोणी ओरडत नव्हतं.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, आता बसलोच आहोत तर नऊ नंबर घेऊन टाकू. खटपटने कागद वाचला. पलंग, जिना, ओव्हन, रकाना, नोटीस. अध्यक्षांनी सगळं ऐकलं. ऐकताना ते इतके चकित दिसत होते की कारकूनबाईंनी त्यांना पाणी दिलं.

“हे कधीपासून आहे?” त्यांनी विचारलं.

“चौदा महिने,” कारकूनबाई म्हणाल्या.

“मला कोणी सांगितलं नाही.”

इतिवृत्ताची चौदा पानं त्यांच्या सहीची होती. कारकूनबाईंनी वही मिटली. मोठ्या मनाच्या होत्या.

पहिल्यांदाच त्या विषयावर चर्चा झाली. डॉक्टरांना आवाजाची काळजी होती, पण खाली गोदाम होतं आणि गोदामाला कान नसतात. छापखानेवाले म्हणाले, आजकालची मुलं जागेची वाट लावतात. मुख्याध्यापिकांनी खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं की ही वाट कोणत्या मुलांनी लावली. साडेसहाला अध्यक्ष म्हणाले, ठराव मतदानाला टाकू. दोन हात वर झाले. तिसरा होत होता. खाली केकवालीने डोळ्यांवर हात ठेवले होते.

“थांबा,” खटपट म्हणाली.

तिला स्वतःलाच ते खरं वाटलं नाही. खालून कोणीतरी तिच्या नावाने कपाळ बडवून घेतल्याचा आवाज आला.

“शिडी नसताना घेतलेलं मत नको,” ती म्हणाली. “खाली जाता येत नाही म्हणून हात वर होतोय असं उद्या कोणी म्हणेल. शिडी येऊ दे. ज्यांना जायचं त्यांना जाऊ दे. मग टाका मतदानाला.”

बुकबाइंडर नंतर म्हणाला, की त्या क्षणी दोरी त्याच्या हातात होती आणि बादलीही. नेम धरायचा तेवढा बाकी होता. छापखानेवाले मात्र खूश झाले. त्यांनी पॅंट पुन्हा खोचली. ते गेले की कोरम मोडणार, हे सगळ्यांना माहीत होतं. खटपटलाही. ती खिडकीत जाऊन उभी राहिली आणि नखं खाऊ लागली. डॉक्टरांनी तिला हटकलं, नखांनी दात झिजतात म्हणून.

सात वाजून गेले. मग गाडीचं चाक वाजलं. बाबांनी शिडी उतरवली, त्याच खिडकीला लावली, पाय रोवले. आणि पहिल्यांदाच मान वर केली.

“कोण आहे वर?”

सगळे आहेत, असं मुख्याध्यापिकांनी सांगितलं.

छापखानेवाले कठड्यावर बसले. यावेळी पाय पायरीवर टेकला. दुसरा पायही गेला. आता ते कमरेपर्यंत बाहेर होते आणि कमरेच्या वर खोलीत. अध्यक्षांनी ठराव वाचला. खोलीत चौघांनी हात वर केले. पण चौघांचा कोरम होत नाही.

छापखानेवाले खाली उतरेनात. त्यांनी वळून नकाशाकडे पाहिलं, बाकांकडे पाहिलं, रिकाम्या केकच्या खोक्याकडे पाहिलं. मग त्यांनी कारकूनबाईंना विचारलं, की माणूस अर्धा बाहेर असला तर तो हजर धरतात का. कारकूनबाईंनी पुस्तक चाळलं. पायांबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. डोकं आत असेल तर हजर, असं त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर ठरवलं.

“परवाने निघाले की पावत्या, लेबलं, सगळी छपाई माझ्याकडे,” छापखानेवाले म्हणाले.

“तुमच्याकडेच,” खटपट म्हणाली. “पावतीच्या मागची सुद्धा.”

छापखानेवाल्यांनी एका हाताने शिडी घट्ट धरली आणि दुसरा वर केला.

खालून बाबा कडाडले, “दोन्ही हात शिडीला!”

तीस वर्षांच्या रंगाऱ्याचा आवाज होता तो. छापखानेवाल्यांचा हात झटकन खाली आला.  अध्यक्षांनी विचारलं, हात खाली घेतला म्हणजे मत मागे घेतलं का. कारकूनबाईंनी लेखणी उचलून दाखवली. लिहिलेल्या मताची शाई वाळली होती.

इतिवृत्तात त्या दिवसाखाली एक ओळ जास्त आहे. सर्व सदस्य शेवटपर्यंत उपस्थित होते. समितीच्या इतिहासात अशी दुसरी नोंद नाही.

केकवालीचा परवाना अखेरच्या दिवशी निघाला. व्यवसायाची जागा या रकान्यात लिहिलं आहे, जुनं पाणी कार्यालय, वरचा मजला, शिडीने. ओव्हन वर चढवायला अर्धा दिवस लागला आणि त्याला दोन्ही हात शिडीला लावता येत नसल्याने बाबा दिवसभर अस्वस्थ होते. बुकबाइंडर आता पलंगावर झोपतो. झोप लागत नाही म्हणतो. सहावं टेबल वरपर्यंतचं आहे. त्यावर खटपट बसते. शिड्या आता गोदामाच्या भिंतीला असतात, म्हणून आत्या पॅसेजमधून सरळ चालते, आणि जागा मोकळी झाल्यामुळे घर भकास दिसतं अशी तिची तक्रार आहे.

पुढच्या महिन्यात खटपट पंचवीसची झाली आणि समितीतून बाहेर पडली. निरोपाच्या भाषणात ती म्हणाली, की वय मनात असतं, पण नियमात पण असतं. अध्यक्ष खळखळून हसले. त्यांना ऐकू आलं होतं. ते आठवड्यातून दोनदा त्या खोलीत येऊन बसतात. चढायला आता नऊ मिनिटं लागतात, कारण गोष्टी संपल्या आहेत.

जिन्याची फाइल अजून मंजूर व्हायची आहे. तोवर बाबा सकाळी नऊला शिडी लावतात आणि संध्याकाळी सातला काढतात. सातला पाच मिनिटं कमी असताना सहाही टेबलं आवरलेली असतात.

छापखानेवाल्यांनी पावत्या नव्याने छापून दिल्या. मागच्या मजकुरात खटपटने थोडी सुधारणा केली आहे. वेळ संपली की शिडी परत. वर कोण आहे ते विचारले जाईल. उत्तर काहीही आले तरी शिडी परत.